वेधशाळेचे प्रमुखपद स्वीकारावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून त्यातील मजकूर थोडक्यात सांगतो. आपण रूपविकारी, म्हणजे ज्यांचे तेज कमी-जास्त होत राहते अशा ताऱ्यांचे अभ्यासक आहात आणि उमेदीची सारी वर्षे दुर्बिणीवर व तिच्याकडून मिळालेल्या नोंदींचा अर्थ लावण्यात घालवली आहेत. राष्ट्रीय वेधशाळेच्या प्रमुख खगोलशास्त्रज्ञपदासाठी निवड समितीने आपले नाव पक्के केले असून होकार कळवण्यास थोडेच दिवस उरले आहेत. या पदावर गेल्यावर स्वतःचे संशोधन उरेल का, पैशाचा आणि माणसांचा कारभार कधीच न केलेल्या अभ्यासकाला तो पेलेल का, आणि हे पद स्वतःकडेच येणार असे धरून चाललेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी कसे वागावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पद स्वीकारावे, परंतु ती बढती आहे असे समजून स्वीकारू नये. प्रमुखपद म्हणजे संशोधकाच्या वाटचालीतील शेवटची पायरी, असा समज बाहेर रूढ आहे आणि उत्तम शोधनिबंध लिहिणाऱ्यालाच हेरून निवड समित्याही तो घट्ट करतात. प्रत्यक्षात खुर्चीत बसल्या दिवसापासून कामाचा विषयच बदलतो. आजवर आपण तारे पाहिले. यापुढे इतरांना ते पाहता यावेत आणि त्यांनी पाहिलेले शंभर वर्षांनीही वाचता यावे, याची तजवीज करायची आहे. या तजविजीत आपल्याला समाधान मिळेल का, एवढ्या एकाच प्रश्नावर आपला निर्णय अवलंबून असावा.

या पदाच्या जन्मापासूनच हा पेच त्याला चिकटलेला आहे. १६७५ साली ग्रिनिच येथे वेधशाळा स्थापन झाली, तेव्हा जॉन फ्लॅमस्टीड यांना दिलेले काम अगदी नेमके होते: ताऱ्यांची स्थाने आणि चंद्राची गती इतकी अचूक नोंदवायची, की भर समुद्रात खलाशांना आपले रेखांश काढता यावेत. वेतन वर्षाला १०० पौंड ठरले. उपकरणे मात्र राजाने दिली नाहीत. काही एका हितचिंतकाने दिली, बाकीची त्यांना पदरमोड करून बनवून घ्यावी लागली. त्यामुळे वेध आपले, ते पूर्ण तपासून होईपर्यंत कोणाला देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तर वेधशाळा राजाची, म्हणून वेधही राजाचे, असे न्यूटन आणि हॅली यांचे म्हणणे होते. १७१२ साली फ्लॅमस्टीड यांच्या मनाविरुद्ध त्यांच्या वेधांची तारासूची छापली गेली. पुढे चारशेपैकी तीनशे प्रती हाती येताच फ्लॅमस्टीड यांनी त्या जाळून टाकल्या, आणि त्यांच्या पसंतीची आवृत्ती निघाली ती १७२५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. माझी सहानुभूती फ्लॅमस्टीड यांच्याकडे आहे, पण प्रमुखपदावर बसलेल्याला त्यांची बाजू घेता येत नाही. आज बहुतेक मोठ्या वेधशाळांत वेध घेणाऱ्याचा हक्क ठरावीक मुदतीपुरता, बहुधा वर्षभराचा असतो आणि त्यानंतर ती नोंद संग्रहात सर्वांसाठी खुली होते. मुदत वाढवून मागणारी पत्रे आपल्या टेबलावर येतील, त्यांतील कारणे खरी आणि कळवळून लिहिलेली असतील, आणि त्यातल्या बहुतेकांना नकार द्यावा लागेल. स्वतःच्या नोंदींनाही हाच नियम लावण्याची तयारी असेल, तरच पुढचे वाचावे.

आता संशोधनाविषयी. ज्या कामात दुसऱ्याच्या आधी निष्कर्ष हाती यावा लागतो, ते काम सुटेल. त्याविषयी मनात आशा ठेवू नये. सकाळची बैठक, मंत्रालयाचे पत्र आणि उपकरण थंड ठेवणारा पण बंद पडलेला शीतक यांमध्ये सलग विचार करायला जी निवांत दुपार लागते, ती मिळत नाही. जे काम वर्षानुवर्षे संथपणे चालते, ते मात्र टिकते, आणि या बाबतीत आपण नशीबवान आहात. ज्या रूपविकारी ताऱ्यांचे तेजचक्र पुरे व्हायला कित्येक महिने किंवा वर्षे लागतात, त्यांना हुशार घाईपेक्षा अखंड नोंद हवी असते. कोडाईकॅनॉलच्या सौर वेधशाळेत १९०४ च्या सुमारास कॅल्शियमच्या प्रकाशात सूर्याची दैनंदिन छायाचित्रे घेण्यास सुरुवात झाली. ती घेणाऱ्यांपैकी कोणालाही शतकानंतर त्या काचेच्या पट्ट्या संगणकावर उतरवून सौरचक्रांचा अभ्यास होईल याची कल्पना असणे शक्य नव्हते. आपणही मोजक्या ताऱ्यांची एक यादी करावी, वेधशाळेच्या लहान दुर्बिणीवर ती लावावी आणि मुख्य जबाबदारी एखाद्या तरुण सहकाऱ्याकडे सोपवून शोधनिबंधावर त्याचेच नाव आधी येऊ द्यावे.

मोठ्या दुर्बिणीवर स्वतःसाठी वेळ मागू नये, निदान पहिली काही वर्षे तरी. मोठ्या दुर्बिणींसाठी उपलब्ध रात्रींच्या कित्येक पट मागणी असते, आणि ज्यांचे प्रस्ताव नाकारले जातात त्यांना वेळवाटप समितीच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घ्यायला फारसे निमित्त लागत नाही. ती समिती आपण नेमलेली असेल आणि मंजूर यादीत आपले नाव असेल, तर ते निमित्त आपणच पुरवले असे होईल. शक्य असल्यास प्रस्तावांवरील नावे झाकून परीक्षण करण्याची पद्धत सुरू करावी. हबल दुर्बिणीसाठी २०१८ मध्ये ती अवलंबली गेली, तेव्हा स्त्रियांनी नेतृत्व केलेल्या प्रस्तावांच्या यशाचे प्रमाण पुरुषांच्या प्रस्तावांपेक्षा पहिल्यांदाच किंचित वर गेले. आपण पक्षपाती नाही असे त्याआधीच्या समित्यांतील सभासदांनाही मनापासून वाटतच असणार.

मात्र थोडा वेळ प्रमुखाच्या स्वेच्छाधिकारात असतो, आणि तो कसा वापरला यावरून त्या माणसाची पारख होते. १९९५ च्या डिसेंबरात हबलच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातील वेळ एकत्र करून सलग दहा दिवस दुर्बीण आकाशाच्या एका जवळजवळ रिकाम्या तुकड्यावर रोखली. काही अनुभवी खगोलशास्त्रज्ञांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता. त्या तुकड्यात सुमारे तीन हजार दीर्घिका सापडल्या, आणि प्रतिमा लगेच सर्वांसाठी खुल्या केल्या गेल्या. याच्या उलट उदाहरण जॉर्ज एअरी यांचे. त्यांनी १८३५ ते १८८१ अशी ४६ वर्षे ग्रिनिचचा कारभार इतक्या शिस्तीने केला, की त्यांच्या याम्योत्तर यंत्रातून (तारा आकाशातील उत्तर-दक्षिण रेषा, म्हणजे याम्योत्तर, कधी ओलांडतो हे टिपणाऱ्या दुर्बिणीतून) जाणारी रेषा १८८४ साली जगाने शून्य रेखांश म्हणून मान्य केली. परंतु नव्या ग्रहाच्या स्थानाविषयीची केंब्रिजचे तरुण गणितज्ञ ॲडम्स यांची टिपणे १८४५ मध्येच हाती येऊनही त्यांनी स्वतःच्या वेधशाळेतील दुर्बीण तिकडे वळवली नाही. असा शोध त्यांच्या आखलेल्या कामात बसत नव्हता. त्यांनी शंका विचारणारे पत्र पाठवले, त्याला ॲडम्स यांचे उत्तर आले नाही, आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिये यांच्या गणितावरून बर्लिनमध्ये गाले यांनी नेपच्यून शोधला. एअरी यांना यासाठी जितका दोष दिला जातो तितका त्यांचा नव्हता असे मला वाटते, तरीही एक गोष्ट घेण्याजोगी आहे: वेळापत्रक कितीही गच्च असले, तरी त्यात कोणाच्या तरी वेड्या कल्पनेसाठी चार रात्री रिकाम्या ठेवाव्यात.

कारभाराच्या प्रश्नाकडे वळतो, कारण आपली खरी धास्ती तिथे आहे असे पत्रावरून दिसते. प्रमुखाचा दिवस बहुधा रात्रीच्या अहवालाने सुरू होतो. किती वाजता घुमट उघडला, आर्द्रता किती होती, ताऱ्यांची प्रतिमा किती स्थिर होती, किती तास ढगांनी खाल्ले आणि किती यंत्राच्या बिघाडाने, हे त्यात असते. ढगांनी खाल्लेल्या तासांकडे पाहून सुस्कारा टाकावा आणि पुढे जावे. बिघाडाने गेलेल्या तासांपाशी मात्र थांबावे. एखाद्या रात्री ‘घुमटाचा मोटर दोनदा अडकला, पुन्हा सुरू केल्यावर चालला’ अशी एका ओळीची नोंद असते. कामात गढलेला निरीक्षक ती लिहून विसरतो, कारण त्याची रात्र वाचलेली असते. तीच ओळ पंधरवड्यात तिसऱ्यांदा दिसली, तर मुख्य अभियंत्याला बोलावून चौकशी करणे हे प्रमुखाचे काम आहे. २०२० साली प्वेर्तो रिकोतील अरेसिबोची प्रचंड रेडिओ दुर्बीण कोसळली, तेव्हा चौकशीत असे दिसले की केबलची टोके धरून ठेवणारे जस्ताचे भरण हळूहळू सरकत होते आणि त्याची खूण आधीपासून डोळ्यांना दिसत होती. ऑगस्टमध्ये एक केबल निसटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली आणि १ डिसेंबरला नऊशे टनांचा डोलारा खाली आला.

देखभालीचा सर्वांत अवघड निर्णय आरशाचा असतो. मुख्य आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. धूळ, दव आणि परागकण यांनी तो मंदावत जातो. तो नव्याने चढवायचा तर आरसा दुर्बिणीतून काढून खाली आणावा लागतो, जुना थर रसायनांनी उतरवून काच निर्मळ धुवावी लागते आणि मग निर्वात कोठीत ठेवून धातूची वाफ तिच्यावर बसवावी लागते. तेवढे दिवस दुर्बीण बंद राहते. प्रत्येक संशोधक म्हणतो की थर चढवणे आवश्यकच आहे, फक्त माझ्या रात्री झाल्यावर चढवा. शिवाय या कामात धोका आरसा हलवण्याचा असतो. २०२२ च्या ऑक्टोबरात हवाईतील जेमिनी नॉर्थ दुर्बिणीचा ८.१ मीटरचा आरसा याच कामासाठी हलवताना त्याच्या कडेचा तुकडा उडाला. सुदैवाने तो प्रकाश गोळा करणाऱ्या भागाबाहेरचा होता, पण दुर्बीण पुढच्या वर्षाच्या मध्याच्या सुमारासच पुन्हा कामाला लागली. म्हणून तारीख आपण ठरवावी, ती वर्षभर आधी जाहीर करावी, आणि त्या दिवशी क्रेनपाशी कोणालाही घाई करू देऊ नये, स्वतःलाही नाही.

पैशाचे गणित त्यामानाने सोपे आहे. नव्या दुर्बिणीसाठी पैसा मिळतो, कारण तिचे उद्घाटन होते. जुनी चालवण्यासाठी मिळत नाही, कारण चालू राहण्याचा समारंभ कोणी करत नाही. प्रत्येक नव्या उपकरणाच्या प्रस्तावासोबत पुढील दहा वर्षांच्या चालवणुकीचा खर्च लेखी मागावा, आणि तो कोण देणार हे ठरल्याशिवाय सही करू नये. आंतरराष्ट्रीय मोहिमेत सामील होण्याचे मानाचे निमंत्रण आले तरी हाच प्रश्न विचारावा. १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत अवघ्या आकाशाचा छायाचित्र-नकाशा करण्याचे ठरले आणि अनेक देशांच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. ताऱ्यांची सूची कित्येक दशकांनी पुरी झाली, नकाशा कधीच पुरा झाला नाही, आणि तोवर सहभागी वेधशाळांपैकी अनेकांची माणसे आणि पैसा त्यातच अडकून पडला. खगोलभौतिकी हा नवा विषय दुसरीकडे वाढला. असे असूनही ती सूची वाया गेली नाही, कारण शंभर वर्षांपूर्वीची ताऱ्यांची स्थाने म्हणून ती पुढे कामी आली. तेव्हा दीर्घ मोहिमांना सरसकट नकार द्या असे मी म्हणत नाही. बाहेर पडण्याचा टप्पा करारात आधी लिहून घ्या, एवढेच म्हणतो.

माणसांचे काम अवघड आहे आणि त्यात बुद्धिमत्तेचा उपयोग होतोच असे नाही. ज्यांच्या गणितावरून नेपच्यून सापडला, त्या ल व्हेरिये यांनाच पॅरिस वेधशाळेच्या संचालकपदावरून १८७० मध्ये दूर करावे लागले, इतके त्यांचे सहकाऱ्यांशी बिनसले होते. पुढे १८७३ मध्ये ते पुन्हा नेमले गेले, ही गोष्ट वेगळी. ग्रिनिचचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७९६ मध्ये किनब्रुक नावाच्या सहायकाला कामावरून काढले, कारण तारा याम्योत्तर ओलांडतानाची त्याने टिपलेली वेळ त्यांच्या स्वतःच्या वेळेहून सुमारे आठ दशांश सेकंदाने वेगळी येत असे. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवून दिले की असा फरक प्रत्येक दोन निरीक्षकांत असतोच. म्हणजे सहायकाची चूक म्हणून जी नोंदली गेली, ती मोजमापाच्या पद्धतीतली त्रुटी होती, आणि साहेबांची नोंद तेवढी बरोबर हे गृहीत धरले गेले होते. आपल्या हाताखालच्या कोणाच्या नोंदी चुकत आहेत असे वाटेल तेव्हा हे आठवावे.

रात्रपाळीविषयी एक नियम पहिल्याच आठवड्यात लेखी जाहीर करावा: घुमट कधी बंद करायचा याचा निर्णय दुर्बीण चालवणाऱ्याचा राहील आणि तो बदलण्याचा अधिकार निरीक्षकाला नाही, प्रमुखालाही नाही. दुरून आलेला एखादा संशोधक आर्द्रता मर्यादेच्या काठावर असताना आणखी वीस मिनिटे मागतो. त्याच्या प्रबंधाची शेवटची रात्र असते, आणि आकाश वर स्वच्छ दिसत असते. अशा वेळी दुर्बीण चालकाला आपल्या पाठीशी कोण आहे हे माहीत असले पाहिजे. त्याचप्रमाणे रात्र जागून काढलेल्या माणसाने सकाळी स्वतः गाडी चालवत डोंगर उतरायचा नाही, हाही नियम करावा. खर्च वाढेल, वाढू द्यावा.

जनतेशी आणि पत्रकारांशी बोलण्याचे काम आपण पत्रात गृहीत धरलेले दिसत नाही, पण ते बरेच असते. रिचर्ड वूली १९५६ मध्ये ब्रिटनचे राजज्योतिर्विद, म्हणजे तेव्हाच्या रीतीप्रमाणे ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख, झाले, तेव्हा अंतराळप्रवासाची कल्पना निव्वळ बकवास आहे अशा अर्थाचे बोलून गेले. पुढच्याच वर्षी स्पुटनिक उडाला, आणि त्यांच्या उत्तम कामापेक्षा ते एक वाक्यच लोकांच्या लक्षात राहिले. आज आपल्याला विचारतील ते लघुग्रहांविषयी. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २०२४ च्या डिसेंबरअखेर सापडला आणि २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांच्या वर गेली; त्यानंतर काही दिवसांत ती जवळजवळ शून्यावर आली. लोकांना वाटले की शास्त्रज्ञांनी आधी घाबरवले आणि मग घूमजाव केले. वस्तुतः सुरुवातीला तो कोठून जाईल याचा पट्टा फार रुंद असतो आणि पृथ्वी त्यात लहानसा भाग व्यापते. वेध वाढत जातात तसा पट्टा अरुंद होतो, पृथ्वी अजून त्याच्या आत असेल तर टक्केवारी चढते, आणि पट्टा पृथ्वीला सोडून सरकला की एकदम कोसळते. आकडा चढत असतानाच हे सांगून ठेवावे, उतरल्यावर सांगितले तर ते समर्थन वाटते.

काळोख राखण्याचे कामही आता प्रमुखाकडेच आले आहे. रस्त्यावरचे दिवे खाली झाकलेले आणि पिवळसर असावेत, कारण निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, हे नगररचनेच्या कार्यालयात जाऊन पुन्हा पुन्हा सांगावे लागते. २०१९ पासून उपग्रहांचे मोठे ताफे सोडले जाऊ लागले आणि त्यांच्या रेघा विस्तृत क्षेत्र टिपणाऱ्या दुर्बिणींच्या प्रतिमांत उमटू लागल्या; त्यावर एकट्या वेधशाळेचा इलाज चालत नाही, पण आपल्या नोंदींत किती प्रतिमा बिघडल्या याचे मोजमाप ठेवले, तर वाटाघाटीला बसणाऱ्यांच्या हातात काहीतरी राहते.

होकार कळवण्यापूर्वी निवड समितीकडून काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. मुदत ठरलेली असावी आणि ती संपल्यावर संशोधकाच्या जागेवर परत येण्याचा हक्क असावा. हिशेब आणि खरेदी पाहणारा अनुभवी अधिकारी आपल्या येण्याआधीच नेमलेला असावा. मुख्य अभियंता थेट आपल्याला उत्तरदायी असावा, मध्ये कोणी नसावे. शास्त्रीय नेतृत्व आणि दैनंदिन प्रशासन एकाच माणसाने करावे असा काही दैवी नियम नाही. ब्रिटनमध्ये १९७२ साली राजज्योतिर्विद हा किताब आणि ग्रिनिच वेधशाळेचे संचालकपद एकमेकांपासून वेगळे केले गेले, आणि तेव्हापासून तो किताब सन्मानाचा राहिला. समिती या मागण्यांवर कुरकुर करील. होकार देण्याआधी जे मिळते ते नंतर मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते.

राहिले आपले ज्येष्ठ सहकारी. नेमणूक जाहीर होण्यापूर्वी त्यांच्या खोलीत जाऊन ही बातमी त्यांना स्वतः सांगावी; त्यांना ती सूचनाफलकावर वाचायला लागू नये. सांत्वन करू नये आणि उपप्रमुखपद तर देऊच नये, कारण त्या पदाला स्वतःचे काम नसते आणि ते त्यांना पहिल्याच महिन्यात कळेल. पुढच्या स्पेक्ट्रोग्राफची (ताऱ्यांचा प्रकाश रंगांत विभागून नोंदवणाऱ्या उपकरणाची) उभारणी किंवा जुन्या काचपट्ट्यांचा संग्रह यांपैकी जे काम त्यांना आपल्यापेक्षा अधिक समजते, ते स्वतंत्र निधी आणि निर्णयाच्या अधिकारासह त्यांच्याकडे सोपवावे, आणि त्यात त्यांनी आपल्याला न पटणारा निर्णय घेतला तर तो चालू द्यावा. ते नाही म्हणाले, तर तेच काम सहा महिन्यांनी पुन्हा एकदा विचारावे.